मायला न वाचताच आलेला धडा

हैदराबादच्या बोर्डिंगातल्या दोस्तहो, माझ्या गावाहून, बेल्याहून लिहून राह्यलो. वाचून झालं की हा कागद पुढच्या खोलीत द्या.

बी.ए. सोडून तहसील कचेरीत नोकरी धरायचं मी पक्कं केलं होतं. आपल्या कॉलेजात सगळं उर्दूतच, म्हणून अर्थशास्त्राचं उर्दू पुस्तक तोंडपाठ, पण सवाल जरा फिरवून विचारला की मी अडतो. तुमचंही तेच आहे, मला ठाऊक आहे.

आज सकाळी माझे शाळेतले जुने गुरुजी घरी आले. त्यांच्यापुढे मी बाजारभावाचा अख्खा धडा उर्दूत घडाघडा म्हटला.

गुरुजी म्हणाले, "आता हेच तुह्या मायले मराठीत सांग."

माय कापूस निवडत बसली होती. मी अडखळत सांगितलं, की सगळ्यांचा माल एकदम आला की भाव पडतो, म्हणून थांबून विकावं.

"ज्याच्या घरी कापूस ठेवायले जागा नाही, त्यानं कसं थांबावं?" मायनं विचारलं.

मी पुस्तक उघडून त्या धड्यात उत्तर शोधू लागलो. गुरुजींनी पान उलटलं. मी अजून न वाचलेला पुढचा धडा याच सवालानं सुरू होत होता.

नोकरीचा अर्ज मी चुलीत घातला. उद्या तो धडा मायला सांगायचा आहे, आणि तोही तिला आधीच ठाऊक असेल अशी धाकधूक आहे.

तुमचं पुस्तक तुमच्या घरी कोणाला ठाऊक आहे?