मामांचं मृत्युपत्र आणि माझी चाळीस वर्षांची मुलगी

वयाच्या बाविसाव्या वर्षी मला चाळीस वर्षांची मुलगी होती. तसा कागदच होता, आणि तो मीच लिहिला होता!

स्वराज्य नवं होतं, आणि नागभीडजवळच्या आमच्या गावात मीही नवाकोरा मास्तर. महादूमामा अंथरुणाला खिळलेले. त्यांची सेवा करायची विधवा मुलगी सोनाबाई. मामांनी स्वतः घेतलेल्या धानाच्या बांधीवर, म्हणजे भातशेतावर, डोळा मात्र पुतण्या दाजीबाचा!

मामांनी मला मृत्युपत्र लिहायला बोलावलं. "लिव. बांधी सोनीले. मले नागपूरच्या दवाखान्यात कोणी नेऊ नोका. मरीन तं सोनीच्या घरी. आन् शेवटपर्यंत मले मच्छी खाऊ द्या!"

"मामा, कायद्याची भाषा वेगळी असते," मी म्हणालो. (कायदा मी पाहिला होता तो वरोऱ्याच्या एका वकिलाच्या पाटीवर.) एक जुना कागद समोर ठेवून मी तीन दिवस लिहीत होतो. त्यात 'लिहून देणार' अशी जागा होती. लिहून कोण देत होतं? मीच! टाकलं माझं नाव.

बैलगाडीत गादी घालून मामांना तालुक्याच्या रजिस्ट्री कचेरीत नेलं. दाजीबा मागोमाग हजर. साहेब वाचू लागले, "'मी, श्रीधर मास्तर, वय बावीस, अंथरुणाला खिळलो असून माझी मुलगी सोनाबाई, वय चाळीस, हिने माझी सेवा केली…' मास्तर, आता तब्येत कशी आहे?"

अख्खी कचेरी हसली. दाजीबा तर उडालाच! "कागद खोटा हाये! काकाजी, चाला घरी!"

सोनाबाईच्या डोळ्यांत पाणी. आणि दोन महिने आधाराशिवाय न बसलेले मामा ताडकन उठून बसले!

"चूप! काऊन चिल्लावून राह्यला? मास्तर चुकला, माही जबान सलामत हाये. साहेब, मी सांगतो, तुमी लिवून घ्या!"

ओसरीवर बसून लोकांचे कागद लिहून देणारा अर्जनवीस आला. मामा बोलत गेले, तो लिहीत गेला.

"मच्छीसुद्धा लिहायची?" त्यानं विचारलं.

"पयले मच्छी लिव!"

शिक्का बसला. दाजीबा पाय आपटत गेला. बांधी सोनाबाईच्या नावानं पक्की झाली, आणि तिच्या हातची मच्छी खात मामा पुढे नऊ वर्षं जगले!

त्या दिवशी कचेरीत साक्षीदार म्हणून मी ऐटीत पेन उघडलं, तर मामांनी माझं मनगटच धरलं. "साहेब, याची सही नोका घेऊ. यानं लिवलं का घोळ होते!"

म्हणून त्या कागदावर दुसरी नापास मामांची सही आहे, आणि मॅट्रिक पास मास्तरांचा अंगठा!