मामांचं वाढीव आयुष्य

माझे मामा अधूनमधून मरत असत. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं आमच्या सांगलीकडे मानतात. बाकीच्यांच्या बाबतीत ती चुकून उठते. मामांनी ते काम स्वतःच्या हाती घेतलं होतं, कारण त्यांना कायमचं जगायचं होतं.

फौजेतून निवृत्त झालेले मामा द्राक्षबागेत खुर्ची टाकून बसत आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वतःचा फेटेवाला फोटो टाकत. वर लिहिलेलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. घाबरून फोन करावा, तर स्वतःच उचलून विचारत, "कोण कोण रडलं रं?" एकदा साताऱ्याचे व्याही हार घेऊन धावत आले. मामांनी तो गळ्यात घालून घेतला आणि व्याह्यांना मटणाला थांबवलं.

"सगळे गेल्यावर एकटे जगून करणार काय?" मी एकदा विचारलं.

"एकटा कसा? तुजी मामी हाय की भांडायला."

मामीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. "मला ह्योच जलम लय झाला," ती भाकरी उलटत म्हणाली.

पुढे मामीच्याच हृदयाने दगा दिला. मिरजेच्या डॉक्टरांनी "आत्ताच काही सांगता येत नाही" म्हटल्यावर मामा कोपऱ्यात जाऊन फोनशी खुडबुड करू लागले. दुपारपर्यंत अर्धी भावकी रडत दवाखान्यात हजर! त्या गलक्याने मामीने डोळे उघडले. "कोण गेलं?"

"तू," मामा म्हणाले. "आता भिऊ नगंस. वाढलं तुजं."

"आवं, मला इचारायचं तरी!"

"तू न्हाईस तर म्या एकटा जगून काय करू?"

मामी खडखडीत बरी झाली. त्यानंतर मामांनी स्वतः मरणं बंद केलं आणि सवड मिळेल तसं ग्रुपवर मामीला मारू लागले. "आदी तिचं माज्याएवढं हू दे," म्हणायचे. त्या नादात यंदा ते खुर्चीत बसल्या बसल्या खरोखरच गेले. मला त्यांचा राग आला आणि रडूही आवरेना.

तेराव्याला सगळे पांगल्यावर मी मामीजवळ जाऊन बसलो. तोवर कोरडी राहिलेली मामी एकदम पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "स्वतःचं वाढवायचं सोडून समदं माज्यातच घातलं रं ह्या माणसानं. आता एवढं आयुष्य घिऊन म्या भांडू कुणासंगं?"