बारावा खिळा

महेंद्र तांबे आमच्या कंपनीत आला त्या पहिल्याच दिवशी त्याने माझ्या टेबलामागचं कॅलेंडर उतरवलं, आणि मी त्याला मनातल्या मनात जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही. त्या कॅलेंडरवर माझा पासवर्ड होता. सानवी एकदोनतीन. सानवी माझी नात. तो पासवर्ड मी, गोडाऊनवाले, पॅकिंगच्या बायका आणि गेटवरचा वॉचमन असे नऊ जण मिळून वापरत होतो. कुणाची काही तक्रार नव्हती.

मी नंदा. माहेर नाटे गावचं, पण पंचवीस वर्षं रत्नागिरीत एका आंब्याच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळते. आंबा परदेशी जातो आणि त्याचे कागद माझ्या कॉम्प्युटरवरून जातात. महेंद्रला आणायचं कारणही मीच. कुठल्याशा परक्या देशातून कुणीतरी माझ्या नावाने आत शिरलं आणि आमच्या गिऱ्हाइकांना मेल पाठवत बसलं. मेल बिनचूक इंग्रजीत होते. त्यावरूनच गिऱ्हाइकांना संशय आला की हे नंदाताईंचे नव्हेत.

मग आमच्या हर्षदसाहेबांनी, म्हणजे मालकांनी, महेंद्रला तीन वर्षांच्या कंत्राटावर घेतलं. तीन वर्षं बघू, मग कायम करू, असं ठरलं. पोरगा मंडणगड तालुक्यातला, तिशीचा, बोलायला कमी. त्याने दीड महिन्यात आमचं जगणं मुश्कील केलं. पासवर्ड बरोबर असला तरी कॉम्प्युटर आत घेईना. मशीन कंपनीच्या यादीतलं हवं. शिवाय मोबाइलवर आकडा येणार, तो टाकायचा. परदेशातून कुणी दार ठोठावलं तर आणखी चौकशी. एकदा मी चष्मा घरी विसरले, तर मला मोबाइलवरचा आकडा वाचून दाखवायला वॉचमनला बोलवावं लागलं. त्यावर महेंद्रने वॉचमनलाच झापलं, दुसऱ्याचा आकडा वाचतोस म्हणून.

"मेल्या, पंचवीस वर्षं मी इथे आहे," मी दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं. "मला सगळे ओळखतात."

"ओळखतात म्हणूनच घोटाळा झाला, नंदाताई," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या आजोबांना दारात पहिला प्रश्न यायचा, कुणाचा रे तू? उत्तर दिलं की दार बंद. माझं दार ते विचारत नाही. नाव सांगा, खूण दाखवा, आत या. साहेबांना तेच, झाडूवाल्याला तेच."

 मी चष्मा नाकावर चढवला आणि आकडा टाकला.

पुढे एका रविवारी तो मला म्हणाला, ताई, माझ्या गावी चला, आईने तुम्हाला बघायला हवं. मला वाटलं, माझी भाची दिशा लग्नाची आहे, याला कुठून तरी कळलंय. नवी साडी नेसून गेले. तर तसलं काही नव्हतं. त्याला माझं नाव एका वहीत घालायचं होतं.

प्रकार असा. सगळ्या दारांना कडक अटी घातल्या की एक दार बिनअटीचं ठेवावं लागतं. न जाणो, अटी घालणाराच बाहेर अडकला तर? ते आपत्कालीन खातं. त्याची पेनड्राइव्हएवढी एक चावी असते, ती खोचल्याशिवाय ते उघडत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं की अशा दोन चाव्या घ्या. दुसरी कशाला, म्हणून साहेबांनी अर्ज परत पाठवला. पुस्तकात असंही होतं की चावी ऑफिसपासून लांब, विश्वासू माणसाकडे ठेवा, आणि देवघेवीची नोंद ठेवा. महेंद्रला सगळ्या जगात अशी एकच जागा माहीत होती. रत्नागिरीपासून साडेचार तासांवर, स्वतःच्या आईकडे.

चिमामावशी, त्याची आई, सत्तरीच्या. त्यांच्या वाडीतली अकरा घरं मुंबईला गेलेली. जाताना प्रत्येकाने चावी मावशींकडे दिली. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली अकरा खिळे आणि अकरा चाव्या. खाली ट्रंकेवर वही. चावी कुणी ठेवली, कुणी नेली, तारीख, सही. ज्याचं नाव वहीत नाही त्याला चावी नाही, मग तो घरमालकाचा सख्खा भाऊ का असेना. आमची चावी घातलेलं पाकीट ट्रंकेत गेलं. महेंद्रने पान झाकून वहीत एक आकडा लिहिला आणि खाली अट: दोन माणसं एकदम यायला हवीत, त्यातली एक नंदाताई, आणि मी फोनवर देईन तो आकडा याच्याशी जुळायला हवा. मावशींनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "बाय, साडी बरी हाय."

परत निघताना महेंद्रने मला शेजारची दोन खोल्यांची नवी बांधणी दाखवली. त्याचीच. दर दुसऱ्या शनिवारी येऊन राहायचा तिथे.

"कायमचं पत्र मिळालं की रत्नागिरीतच राहीन, म्हणजे येणंजाणं सुटणार नाही," तो म्हणाला. "नाही मिळालं तर मुंबई. मग आईला बारावा खिळा मारावा लागेल. तेवढं होऊ नये बस्स."

आणि तेच होत आलं. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये हर्षदसाहेब दुबईला जाऊन आले ते तापूनच. त्यांचा टॅब यादीत नव्हता. त्यावर त्यांची मुलगी चित्रं रंगवते आणि त्याला लॉक नाही, म्हणून दुबईच्या हॉटेलात त्यांना त्यांच्याच कंपनीने आत घेतलं नाही. त्यांनी महेंद्रला माझ्यासमोरच बोलावलं.

"मला तुझ्या अटींतून वगळ."

"टॅब द्या साहेब. लॉक घालतो, यादीत घेतो. पाच मिनिटं."

"मी वगळ म्हणतोय."

"तुमचंच खातं सगळ्यात मोठं आहे साहेब. चोर आधी तिथेच येणार."

साहेबांनी टेबलावरचा एक कागद उचलला आणि उलटा ठेवला. "हे तुझं कायमचं पत्र. सही व्हायची आहे. विचार कर."

मी त्याला बाहेर गाठलं. म्हटलं, अरे शहाण्या, एक नाव वगळलेल्यांच्या यादीत टाक ना. आईकडे बघ. कोण मरतंय त्याने? तो म्हणाला, "ताई, एकाला ओळखीवर आत सोडलं की ते दार राहत नाही." असा राग आला मला! असल्या माणसाला व्यवहार शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घरी जाऊन मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

एकतीस मार्चला कंत्राट संपलं. महेंद्रने सगळ्यात मोठे अधिकार साहेबांच्या खात्याला रीतसर दिले, सही घेतली आणि साडेपाच वाजता स्वतःचं खातं स्वतःच बंद केलं. त्यामुळे त्याला हजेरीच्या मशीनवर बाहेर पडल्याची नोंद करता येईना. वीस मिनिटं खुर्चीत बसून राहिला. शेवटी वॉचमनने कागदावर लिहून घेतलं. दोन दिवसांनी तो मुंबईजवळ दिव्याला मामेभावाकडे गेला, नोकरी शोधायला.

एप्रिलच्या मध्यावर, ऐन आंब्यात, साहेबांनी स्वतःला वगळायचं ठरवलं. एकटेच बसले. कॉम्प्युटरवर महेंद्रचं अटींचं पान उघडलं. त्यांना स्वतःचं नाव काढायचं होतं. त्याऐवजी त्यांनी शेवटची ओळ बदलली. तिथे होतं, अटी पूर्ण असतील तर आत घ्या. त्यांनी केलं, अडवा. कुणाला? सर्वांना. मग एक इशारा येतो की तुम्ही स्वतःही बाहेर राहाल, आणि 'मला समजलं' अशी टिक करावी लागते. साहेबांनी टिक केली. वाचून केली नाही, एवढंच.

अकरा वाजता सगळी कंपनी बाहेर. मी, गोडाऊन, साहेब, सगळे एका पंगतीत. गेटवर गाड्या उभ्या, आत पेट्यांत हापूस पिकतोय, आणि कागद काढायची सोय नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला तर ते म्हणाले, मालकी तपासून तीन ते पाच दिवसांत कळवू. साहेब ओरडले, "अरे, मीच मालक!" पलीकडची बाई म्हणाली, सगळे असंच सांगतात सर.

शेवटी मी महेंद्रला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "वगळलेल्यांच्या यादीत आपत्कालीन खातं होतं, ते पुसलं का?"

साहेबांना ते आठवेना. म्हणजे पुसलं नसावं.

"मग जमेल. पाकीट आईकडे आहे."

"तूच घेऊन ये," साहेब म्हणाले.

"माझं नाव आता यादीत नाही साहेब. मी हात लावणं बरोबर नाही. नंदाताई जातील. आणि सोबत आणखी एक माणूस लागेल."

आणखी एक माणूस म्हणून साहेब स्वतः निघाले. गाडी त्यांनीच चालवली. दाभोळच्या फेरीबोटीला आमच्यापुढे मासळीचे दोन टेम्पो होते. साहेबांनी हॉर्न वाजवला. टेम्पोवाला उतरला, काचेशी आला आणि म्हणाला, बोट एकच आहे. साहेबांनी काच वर केली ती मंडणगडपर्यंत खाली केली नाही.

वाडीच्या वर सडा आहे, नुसता उघडा कातळ. गाडी तिथेच ठेवून पायवाटेने खाली उतरायचं. चिमामावशी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मला त्यांनी ओळखलं. साहेब पायरी चढायला लागले तशा म्हणाल्या, "थांब जरा. तू कोन?"

"मी मालक," साहेब म्हणाले. "कंपनी आमची. माझे वडील म्हणजे रत्नागिरीतले…"

"कुनाचा ते नाय इचारलं. नाव सांग."

साहेबांनी नाव सांगितलं. मावशींनी ते वहीत लिहिलं, एकेक अक्षर करत. मग म्हणाल्या, "आकडा?"

आकडा महेंद्रकडून घ्यायचा आणि रेंज फक्त सड्यावर. मला गुडघ्याचा त्रास. साहेब चढले. दुपार कलली तरी कातळ तापलेला. वीस मिनिटांनी खाली आले ते घामाने निथळत, आणि आकडा सांगितला. मावशींनी वहीशी ताडून बघितला.

"शेवटचा आकडा जुळत नाय. परत जा."

मी पदर तोंडाला लावला. साहेब परत चढले. माझ्या मते त्यांनी पहिल्या खेपेला बरोबरच ऐकलं असेल, पण खाली येईपर्यंत रागाने डोकं फिरलं असेल. दुसऱ्या खेपेला आकडा हातावर लिहून आणला. जुळला.

"आता ये वर," मावशी म्हणाल्या. त्यांना खुर्ची दिली, कोकमाचं सरबत दिलं, आणि सहीला वही पुढे केली. साहेबांनी पेन घेतलं आणि तसंच धरून राहिले. वरची नोंद ते वाचत होते. मीही वाकून बघितली. दोन एप्रिल. महेंद्र तांबे. स्वतःच्या खोल्यांची चावी ठेवली. सही.

"पोराचीपण सही घेता?" साहेबांनी विचारलं. त्यांनी अहो-जाहो सुरू केलं होतं.

"पोर म्हनून त्याला सोडला असता, तर तुला कंच्या तोंडानं आडवला असता?"

साहेबांनी भिंतीकडे बघितलं. फोटोखाली खिळे होते. मी मोजले. बारा. बारावा नवा, चकचकीत, आणि त्याला पितळी चावी.

"अकरा घरं गेली," मावशी म्हणाल्या. "अकरा चाव्या टांगल्या, पन रडले नाय. ही टांगली तवा मी रडले बाबा. वाडीत म्हातारी एकटी ऱ्हायली तर तिची चावी कोन ठेवनार?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. साहेबांनी सही केली, खाली तारीख घातली आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

सड्यावर गाडीच्या बॉनेटवर माझा लॅपटॉप ठेवला, छोटी चावी खोचली, आणि महेंद्र फोनवरून सांगत गेला तसं मी करत गेले. 'अडवा'चं परत 'अटी पूर्ण असतील तर आत घ्या' झालं. रत्नागिरीहून गोडाऊनचा फोन आला, सुरू झालं म्हणून. गाड्या त्याच संध्याकाळी सुटल्या.

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "महेंद्र, उद्या ये. पत्रावर सही करतो. तुझं खातं मी आत्ता सुरू करतो."

"नको साहेब," पलीकडून आवाज आला. "तुम्ही काही करू नका. मी येऊन करतो."

तो आला. पत्र मिळालं. पहिल्या दिवशी त्याच्या टेबलापुढे मशीन नोंदवायची रांग होती, तिच्यात साहेब टॅब घेऊन चौथे उभे होते. पुढे व्हा म्हणून पॅकिंगच्या बायका बाजूला सरल्या, तर ते म्हणाले, असू दे.

दुसऱ्या शनिवारी महेंद्र गावी गेला. रविवारी सकाळी मावशींचा फोन आला. त्यासाठी सत्तरीची बाई तो सडा चढून आली होती. धाप लागलेली.

"बाय, पाकीट ट्रंकेत ठेवलं. नोंद केली."

"आणि मावशी, बारावा खिळा?"

"चावी नेली त्यानं. सही करून नेली," त्या म्हणाल्या. "खिळा रिकामा हाय."