बाबांचं पोट बोलेपर्यंत

बाबा भोंदू वैद्यांविरुद्ध पत्रकं लिहायचे. शिरोड्याच्या बाजारात ती वाटता वाटताच मी वाचायला शिकले. जगात काही हलवायचं तर आधी ओरडावं लागतं, हा माझा समज तिथलाच.

गेल्या वर्षी बाबांच्या आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन करून तो सोडवला, पण हात लागलेली आतडी काही काळ थिजतात. तिसऱ्या दिवशीही पोट फुगलेलंच. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत वारा सरला नाही, तर पुन्हा पोट उघडावं लागेल. तोवर तोंडाने काही द्यायचं नाही."

त्याच दुपारी आत्या पेजेचा डबा घेऊन आली. आमच्याकडे तापाला पेज, बाळंतिणीला पेज, दुःखालाही पेजच. मी तिला दारात अडवलं.

"विख आसा काय त्यात? उपाशी ठेवन मारतलंस बापाशीक?"

मी अज्ञानावर भाषण ठोकलं. सगळा वॉर्ड ऐकत होता. आत्या रडू लागली.

नर्स आली. तिने स्टेथोस्कोप आत्याच्या कानांना लावला आणि दुसरं टोक आत्याच्याच पोटावर ठेवलं.

"आयकतास, मावशी?"

"गुडगुडता गो!"

मग तेच टोक बाबांच्या पोटावर. आत्या बराच वेळ ऐकत राहिली.

"हंय कायच नाय."

"आतडी मागसून आवळतत, फुडे सैल सुटतत, तसा अन्न सरकता. हेंची अजून निजलेली आसत. आता पेज घातलात तर ती जातली खंय?"

आत्याने डबा बंद केला. आमच्या सगळ्या पत्रकांना जे जमलं नव्हतं, ते त्या नर्सने दोन मिनिटांत केलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

"हेंका चालवा," ती म्हणाली. आत्याने बाबांचा दंड धरला, मी सलाईनचा स्टँड. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या फेरीला, व्हरांड्यात मोठा आवाज झाला.

"झाला! इंजिन चालू झाला!" शेजारच्या खाटेवरचा मच्छीमार ओरडला. बाबा लाजले. आत्या हसता हसता डोळे पुसत होती.

नर्सने पोट ऐकलं. "दोन चमचे पाणी द्या."

पहिला चमचा मी दिला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्यापुढचं काम माझ्या हातात नव्हतं. माझ्याही पोटात ते जन्मापासून कुणी न सांगता चाललं होतं, आणि मी कधी त्याचे आभार मानले नव्हते.

बाबांनी पुन्हा तोंड उघडलं. मी चमचा आत्याच्या हातात दिला.