जिलबीवरचा उतारा

आमच्या सौभाग्यवतीचे वडूजचे मामा हे उभ्या महाराष्ट्रातले असे एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांनी जन्मात कुठल्या पदार्थाला नाही म्हटलं नाही आणि कुठल्या पदार्थावर विश्वासही ठेवला नाही. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर इतर लोक शेती बघतात किंवा सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. मामांनी अन्नातले कृत्रिम रंग आणि टिकाऊपणाची औषधं यांच्याविरुद्ध आघाडी उघडली. मात्र शत्रूला वेशीवर अडवणं त्यांना नामंजूर होतं. त्याला आत येऊ द्यायचं आणि पोटात गाठायचं, असा त्यांचा डाव. दारूगोळा म्हणजे भाज्यांचा रस. पिवळ्या रंगावर दुधी, लाल रंगावर मुळ्याचा पाला, चायनीजच्या गाड्यावरच्या पांढऱ्या पुडीवर कोथिंबीर आणि पाकिटावरचं काहीच वाचता आलं नाही तर तिन्ही एकत्र. हा रस रोज पहाटे जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला जाई. मी जावई, म्हणून मला तो चांदीच्या पेल्यातून मिळे. चवीत फरक पडत नसे.

औंधच्या यात्रेत त्यांनी मला आधी हा रस पाजला आणि मग बर्फाचे तीन रंगांचे तीन गोळे खाऊ घातले. स्वतः पाच खाल्ले. "खावा बिनघोर, जावईबापू. आत बंदोबस्त हाय." पुढे दोन दिवस त्यांची जीभ जांभळी होती. ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला बाहेर काढून दाखवत. "बघा, रंग हितंच अडीवला. खाली थेंब गेला न्हाई."

"मामा, त्यापेक्षा असलं खाणंच सोडलं तर?" मी एकदा विचारलं. नव्या रंगरुटाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा मुलगा आणि सून सोनं गाळायच्या धंद्यापायी कोइमतूरला असतात. नात तिसऱ्या वर्षापासून मामांपाशीच वाढली. "ती दुकानातल्या पुडीसाठी रडाय लागली की मला न्हाई म्हनवायचं न्हाई," मामा म्हणाले. "मग काय करनार? पुडीबी द्यायची, रसबी द्यायचा."

त्या नातीचं लग्न विट्याच्या मुलाशी ठरलं. पसंती दोघांची, पण मुलाच्या वडिलांचं मिठाईचं दुकान. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नातीनं मामांना बजावलं, "आबा, उद्या रस न्हाई. शपथ घ्या." मामांनी शपथ घेतली. सुभेदाराची शपथ, मोडायचा प्रश्नच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पंगत बसली आणि व्याह्यांनी स्वतःच्या दुकानातली जिलबी स्वतःच्या हातानं वाढायला घेतली. सूर्य मावळताना असतो तसा तिचा रंग होता. मामा उठले, आत गेले आणि पहाटे सवयीनं गाळून ठेवलेल्या रसाची किटली घेऊन आले. मांडवातली साठ माणसं बघत असताना त्यांनी पहिला पेला नातीपुढे ठेवला आणि दुसरा तिच्या होणाऱ्या नवऱ्यापुढे.

"हे काय वो, सुभेदार?" व्याह्यांनी विचारलं.

"उतारा."

"कशावरचा?"

"जिलबीवरचा," मामा अगदी अदबीनं म्हणाले.

मठ्ठा वाढणाऱ्याचा हात हवेत राहिला. व्याह्यांनी परात खाली ठेवली. "आमी सोयरीक कराय आलोय का इख वाढाय? उठा रं सगळी!" विट्याची निम्मी पंगत उठली. मामा किटली धरून उभे होते. शत्रू नक्की कुठल्या बाजूला आहे, हे त्यांना प्रथमच कळत नसावं.

तेवढ्यात नात उठली. तिनं पेला उचलून सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला, रोजच्यासारखं तोंड वाकडं केलं आणि परातीतली जिलबी उचलून खाल्ली. "काका, आबा कवा कुनाला खाऊ नगा म्हनत न्हाईत," ती म्हणाली. "भ्यात्यात फकस्त. माझ्यासाठनं."

 व्याह्यांनी मुलापुढचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. "लय वंगाळ लागतंय वो," ते म्हणाले आणि उठलेली पंगत हसत खाली बसली. मामांच्या कानाशी वाकून ते हळूच म्हणाले, "आता सोयरं झाला म्हनून सांगतो. ही गिऱ्हाइकाची जिलबी. आमच्या आईला सोसत न्हाई, म्हनून घरात बिनरंगाचीच करतो. तीस वर्सं झाली, रंगाचा कण चुलीपतोर येऊ दिला न्हाई."

साखरपुडा झाला. पाहुणे गेल्यावर मामा कुठे दिसेनात, म्हणून मी परसात गेलो. तिथल्या दगडावर ते एकटेच बसले होते.

"त्येंच्या घरात रंगच न्हाई म्हनं, जावईबापू."

"बरं झालं की, मामा. काळजी मिटली."

"व्हय. लय बरं झालं." त्यांनी खांद्यावरचं रस गाळायचं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. "पर मग आता तिला म्या काय करून द्यायचं?"