विमानाच्या शेपटीवरची खूण

टाकवे बुद्रुकच्या कैलास पेंटरचा हात किती चांगला, हे आंदर मावळात कुणाला सांगावं लागत नसे. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, दूध डेअरीची पाटी, देवळातली देणगीदारांची नावं, सगळं त्याच्याच ब्रशातून उतरलेलं. उमेदीत असताना देहूरोडला ठेकेदाराच्या हाताखाली तो लष्कराच्या गाड्यांवर नंबर टाकायचा. तिथंच त्याच्या अक्षराला वळण लागलं. पुढं फ्लेक्स आले आणि वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत सगळं छापून मिळायला लागलं. कैलासच्या वाट्याला शाळा आणि देवळं तेवढी राहिली.

म्हणून रुचिरशेठचं बोलावणं आलं तेव्हा त्याला लय बरं वाटलं. लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या रस्त्याला लागून रुचिरशेठनं नवं हॉटेल काढलं होतं. गिऱ्हाइकांनी थांबावं, फोटो काढावेत म्हणून दारात खऱ्याएवढं फायबरचं लढाऊ विमान उभं केलं होतं. स्टिकर लावून पाहिले, पण गोलाईवर त्यांना फुगे येत होते. हातानंच रंगवायला पाहिजे होतं.

रुचिरशेठनं मोबाइलवर फोटो दाखवले. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं विमान. नाक पिवळंजर्द, अंग करडं, त्यावर हिरवट डाग. पंखांवर आणि कुशीला काळी फुली, तिला पांढरी किनार. फुलीच्या पुढं पिवळा सात, मागं एक आडवी पट्टी. आकड्याच्या रंगावरून आणि पट्टीवरून विमान कुठल्या तुकडीचं ते ओळखायचं, एवढं शेठला माहीत होतं. गाड्यांवर तसल्या खुणा टाकलेल्या असल्यामुळं कैलासला ते लगेच पटलं.

शेपटीवर स्वस्तिक होतं. ते त्यानं लग्नाच्या भिंतींवर, नव्या ट्रॅक्टरवर कितीदा काढलेलं. हे मात्र काळं, तिरपं केलेलं, आणि त्यात ठिपके नव्हते. ठिपके देऊ का, असं त्यानं विचारलं. शेठ म्हणाले, फोटोत आहे तसंच काढा. त्याच्या मागं, शेपटीच्या हलत्या भागावर, पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या ओळी होत्या. खालची ओळ अपुरी दिसत होती. कैलासनं आपल्या मनानं दोन पट्टे जास्त ओढले आणि ओळ भरून काढली.

काम संपलं तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. बायको सारिकाला मुद्दाम एसटीनं नेऊन दाखवलं. ती म्हणाली, आता उडंल की काय असं वाटतंय. मग रिवाजाप्रमाणं त्यानं विमानाच्या पोटाखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘कैलास पेंटर, टाकवे बु.’ आणि पुढं मोबाइल नंबर.

पावसाळी गर्दीत कुणीतरी विमानाचा व्हिडिओ काढला. त्यात शेपटी जवळून दाखवली होती, आणि पोटाखालचा नंबरही. दुसऱ्या दिवसापासून कैलासचा फोन वाजायला लागला. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लोक शिव्या घालत होते. खुन्यांची खूण काढतोस, लाज वाटत नाही का, असं विचारत होते. आपण काय केलंय हेच त्याला उमगेना. शेठला फोन लावला तर ते उचलेनात. संध्याकाळी गावातल्या पप्पूनं शेठचं निवेदन वाचून दाखवलं. आम्ही फक्त विमान रंगवायला सांगितलं होतं, ती खूण पेंटरनं आपल्या मनानं काढली, असं त्यात होतं.

सारिका म्हणाली, फोन बंद ठेवा. पण बंद फोनवर काम कसं येणार? फोन चालूच राहिला. आणि त्यावरच एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. पुण्याहून बोलत होत्या. आवाज शांत होता.

“ते विमान तुम्हीच रंगवलंत ना?”

“व्हय. पर मला ठावं न्हवतं, मावशी. फोटोत व्हतं तसं काढलं.”

“मला वाटलंच. माझी आई ज्यू होती, जर्मनीतून जीव वाचवून इकडे आली. तिचे आईवडील, भाऊ मागे राहिले. त्यांना मारलं. ज्यांनी मारलं त्यांची ती खूण.”

पुढं बाईंनी विचारलं, मागच्या पट्ट्यांचा अर्थ तरी माहीत आहे का? तो नाही म्हणाला.

“एकेक पट्टा म्हणजे त्या वैमानिकानं पाडलेलं एकेक विमान.” मग म्हणाल्या, “फार हुबेहूब काढलंय तुम्ही. म्हणून फोन केला.”

शिव्यांनी झालं नव्हतं ते त्या बोलण्यानं झालं. रात्री तो जेवला नाही. आपण मनानं ओढलेले ते दोन पट्टे त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

सकाळी करड्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तो हॉटेलवर गेला. शेपटीवर ताडपत्री बांधलेली होती. वॉचमननं फाटकातच अडवलं. शेवटी रुचिरशेठ बाहेर आले. भाऊ, तुम्ही इथं येऊ नका, लोक परत फोटो काढतील, म्हणाले.

“मी काढलंय, शेठ. मला पुसू द्या,” कैलास म्हणाला. “येवडंच करतो आन् जातो.”

शेठनी वॉचमनला खूण केली आणि ते आत गेले. कैलास दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला डबा घेऊन बसला. पाऊस आला तेव्हा उठला.

पुढच्या आठवड्यात क्रेन लावून विमान नेलं. भंगारात गेलं असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं की कोकणातल्या एका रिसॉर्टनं जसंच्या तसं घेतलं. कैलासनं चौकशी करून पाहिली, पण कुणी धड सांगेना. शाळेनं त्या वर्षी सुविचार छापून आणले. देवळाच्या ट्रस्टींनी, आता जरा थांबू, म्हणून निरोप पाठवला. त्यांचाही राग नव्हता, पण कैलासचं नाव खराब झालं होतं. कैलास तळेगावच्या एका कंपनीत खोकी भरायच्या कामाला लागला.

खंडेनवमीला सारिकानं ब्रश धुऊन पाटावर मांडले. हळदकुंकू वाहिलं. पाटापुढं तुमीच स्वस्तिक काढा, दरसाल तुमीच काढता, असं ती म्हणाली. कैलासनं बोट कुंकवात बुडवलं. पहिली रेघ ओढली आणि हात तिथंच राहिला.

“माझ्याच्यानं न्हाई व्हायचं,” तो म्हणाला.

सारिकानं उरलेलं स्वस्तिक पुरं केलं, चार ठिपके दिले. कैलास उठून ओट्यावर जाऊन बसला. पूजा झाल्यावर तिनं ब्रश फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. त्यानं ते पाहिलं, पण टाकू नको असं म्हणाला नाही.