मांडीवरची दोन खोकी

काचा-आरसे पोचवणाऱ्या त्या माणसाला सगळे तोंडावरच शंकासुर म्हणत. घराचं कुलूप तो चार वेळा ओढून बघे आणि निम्म्या जिन्यावरून परत येऊन पाचव्यांदा. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा नवरामुलगा खरंच गाड्या दुरुस्त करतो का, हे त्याने तीन दिवस गॅरेजसमोर उभं राहून पाहिलं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी दाजींवरची नजर काही हटली नव्हती.

त्याची पिकअप हल्ली ब्रेक दाबला की नाक खाली घाली. परवा मागे बांधलेल्या एका आरशाला तडा गेला. दाजींनी बंपर दाबून सोडला, तर गाडी होडीसारखी डुलत राहिली.

"पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत, मेव्हणे. तेल गळतंय बघा. नवे आणून ठेवतो."

"तुम्ही कशाला? मी आणतो ना!" शंकासुर घाईने म्हणाला. दाजी जुनेच रंगवून बसवतील, अशी पाल त्याच्या मनात केव्हाच चुकचुकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन खोकी मांडीवर घेऊन गॅरेजात ठाण मांडून बसला. दाजींनी जॅक लावला, स्टँड सरकवले, चाकं उतरवली.

"खोकी द्या इकडे."

"आधी जुने काढा. माझ्यासमोर."

जुने निघाले. दाबले तसे त्यांचे दांडे आत गेले आणि तिथेच पडून राहिले. मग दाजींनी पहिला नवा दाबून पाहिला. तो सावकाश आपोआप वर आला. दुसरा मात्र आत गेला तो बाहेर यायचं नाव घेईना. दाजींनी नखाने रंग खरवडला. खाली गंज.

शंकासुर ताडकन उठला. "बदललात ना? मला वाटलंच होतं, तुम्ही..."

त्याची नजर रिकाम्या खोक्यांकडे गेली. खोकी सकाळपासून त्याच्याच मांडीवर होती. काल दुकानदार म्हणाला होता, "साहेब, तुमच्यासारखी पारख असलेलं गिऱ्हाईक दुर्मीळ." तेवढ्यावर स्वारी खूश झाली आणि खोकी उघडून बघायचीच राहिली.

दाजी हसले नाहीत. ते त्याला जास्त लागलं. त्यांनी फळीवरून एक नवी जोडी काढली.

"ही कधी आणलीत?" त्याने डोळे बारीक केले.

"कालच. तुमच्या बहिणीने आणायला लावली. म्हणाली, दादा नको तिथे संशय घेतो आणि नको तिथे विसंबतो."

त्याने दोन्ही शॉकअप स्वतः पाच-पाच वेळा दाबून पाहिले. मग पाना उचलून दाजींपुढे केला. दाजींनी ते बसवले, चाकं जमिनीला टेकवली आणि खालचे बोल्ट शेवटचे आवळले. गाडी बाहेर काढून त्याने उतारावर मुद्दाम करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, नाक खाली न घालता.

परत आल्यावर त्याने दुकानातून आणलेले दोन्ही शॉकअप पुन्हा खोक्यांत भरले.

"दाजी, त्या दुकानात माझ्याबरोबर याल?"

"मी कशाला?"

"एकटा गेलो, तर तो पुन्हा गोड बोलेल."